वाळूभाऊ ‘ठीक आहे’ म्हणत नाहीत

दिंडोरी नाक्यावरून आत वळलं की सुमनबाईंच्या चहाच्या टपरीला लागून वाळूभाऊंचं सायकलचं दुकान आहे. वर पत्रा, खाली एक लाकडी पेटी, पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं आणि छताला उलट्या टांगलेल्या सायकली. दुरुस्तीला दिलेली सायकल न्यायला गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, “झाली का?” वाळूभाऊ म्हणतात, “बघितली हाय.” झाली, ठीक आहे, आता काही होत नाही, यातलं एकही वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. मला तर दिवसातून चार वेळा कोणीतरी ‘काही होत नाही’ म्हणावं लागतं. त्यामुळे सुरुवातीला हा माणूस मला अजिबात आवडला नव्हता.

त्यांच्याकडे मी जायला लागले ते माझ्या मुलीमुळे. तेजस्विनी सत्तावीस वर्षांची आहे. विंचूरच्या वाइन पार्कमधल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत द्राक्षरस तपासण्याचं काम करते. गेल्या वर्षी तिनं जाहीर केलं की यंदाचा हंगाम संपला की रजा काढून फ्रान्समध्ये सायकल चालवायची. दिजाँपासून बोर्दोपर्यंत, द्राक्षांच्या एका मुलखातून दुसऱ्या मुलखात, मधले डोंगर, जंगल आणि खेडी ओलांडत. नऊशे किलोमीटर, बावीस दिवस. बरोबर गाईड नाही, मागून सामानाची गाडी नाही. रस्ता तिचा तिनंच आखायचा आणि ओझं तिचं तिनंच वाहायचं.

आमच्या हॉलच्या भिंतीवर नकाशा लागला. त्यावर टाचण्या लागल्या. त्या टाचण्यांखालच्या गावांची माहिती जेवताना मला मिळायची आणि माझा घास तोंडातच फिरायचा. एका गावात एकेचाळीस माणसं राहतात. दुसऱ्या गावातलं एकमेव दुकान सोमवारी उघडत नाही. एका टाचणीपासून पुढच्या टाचणीपर्यंत अडतीस किलोमीटर नुसतं जंगल आहे आणि फोनला रेंज नाही.

“आणि पाणी संपलं तर?” मी विचारलं.

“स्मशानात नळ असतो आई. प्रत्येक गावात. फुलझाडांना घालायला. सायकलवाले सगळे तिथंच बाटल्या भरतात.”

“स्मशानात?”

“पिण्याचं नाही असं लिहिलेलं नसलं म्हणजे झालं.” आणि ती वरणभात कालवू लागली.

तिचे बाबा म्हणाले, “जाऊ दे गं, शिकली-सवरली आहे.” मी पण शिकलेली आहे. अर्थशास्त्रात बी. ए. केलंय. त्यानं भीती कमी होत नाही, फक्त तिचे आकडे नीट मांडता येतात.

सायकल जुनी घेतली होती, पोलादी, लांबच्या प्रवासाची. वाळूभाऊंनी ती पूर्ण उघडून पुन्हा जोडली. दसऱ्याला घरातल्या वाहनांची पूजा केली तेव्हा तिचीही केली. हळदकुंकू, झेंडूची माळ, चाकापुढे नारळ. आणि नजर लागू नये म्हणून मी एक बिब्बा ओवून काळा दोरा बांधला. पुढचं चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसतं त्याला इथं चिमटा म्हणतात. त्या चिमट्याच्या डाव्या दांडीला, वरच्या जोडाशी, सात वेढे, घट्ट. तेजू हसली, पण तिनं तो राहू दिला. माझ्यासाठी.

पुढच्या महिन्यात सायकल आणायला मी गेले होते. वाळूभाऊ म्हणाले, “ताई, हा दोरा काढू का?”

“नको. मी बांधलाय.”

त्यांनी दोऱ्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “बघितली हाय. दोऱ्याखालचं सोडून.”

मी ते मनावर घेतलं नाही. त्यानंतर ते दर वेळी तसंच म्हणायचे, आणि मी दर वेळी सायकल घेऊन यायची.

तेजूचा सराव सुरू झाला. मागे-पुढे पिशव्या लावून, त्यात विटा भरून ती त्र्यंबकला जायची, इगतपुरीला जायची. दोनदा तर कसारा घाट उतरून पुन्हा चढून आली. घरी आल्यावर सायकल धुवायची. काळा दोरा दुसऱ्या दिवसापर्यंत ओलाच असायचा.

जायला दहा दिवस उरले तेव्हा माझी झोप पूर्ण उडाली. नकाशावरचं जंगल मला भाजी चिरताना दिसायचं. एका दुपारी मी कोणाला न सांगता वाळूभाऊंकडे गेले. ते एका चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढत बसले होते. चाक फिरवायचे, कान लावून ऐकायचे, एखादी तार किंचित आवळायचे.

“वाळूभाऊ, एक काम आहे. तेजूला सांगा की चिमट्याला तडा गेलाय.”

“कोन म्हनतं?”

“कोणी नाही. तुम्ही सांगा. तुमचं ती ऐकते. तिकीट पुढे ढकलेल, मग पावसाळा लागेल, मग तिचा हंगाम येईल...”

शेजारून सुमनबाई हसल्या. “लोकं सायकल जोडायला येतात वाळूनाना, ह्या मोडायला आल्या!”

वाळूभाऊ हसले नाहीत. चाक हातानं थांबवलं. “माणसाबद्दल खोटं बोलतो मी ताई. कोनी इचारलं, नाना कुठंय, तर इथं असून नाय म्हनतो. सायकलीबद्दल नाय बोलत. एकदा बोललो.”

मग त्यांनी सांगितलं. तोपर्यंत त्यांच्याबद्दल मला एवढंच माहीत होतं की ते सायखेड्याचे आहेत आणि नाशकात एकटे राहतात. त्यांचे वडील फकिरा सायखेड्यात तासाच्या भाड्यानं सायकली द्यायचे. वाळूभाऊ दुरुस्तीला, आणि धाकटा भाऊ पुंजा दुधाच्या किटल्या लावून गावोगाव दूध घालायचा. एकदा पुंजाच्या सायकलचा चिमटा मोडला. नवीन आणायला नाशकात यावं लागलं असतं. दूध थांबत नाही. वाळूभाऊंनी गॅस वेल्डिंग मारलं, वरून काळा रंग दिला.

“पुंजा म्हनला, दादा, चालंल ना? मी म्हनलो, ठीक हाय, जा. मला म्हाईत होतं, ठीक नाय. पन सकाळची घाई, आन त्याचं त्वांड असं हसरं. एकवीस दिवस चालली. मग नदीवरच्या पुलाच्या उतारावर...” त्यांनी दोन बोटं एकमेकांपासून दूर केली. “किटल्या भरलेल्या व्हत्या. सगळं दूध त्याच्या अंगावर. लोकांना आधी रक्त दिसलंच नाय.”

मला तिथं उभं राहवेना. मी निघाले तेव्हा ते मागून म्हणाले, “ताई, ती एक जागा मी बघितलेली नाय. उद्या पोरीला सायकल घेऊन पाठवा.”

मी तेजूला पाठवलं, आणि तिच्या मागोमाग मीही गेले. मी पोचले तर वाळूभाऊ ब्लेडनं दोरा कापत होते. सात वेढे रंगाला चिकटले होते. ते सुटले तशी रंगाची पापडी निघाली. त्यांनी त्या जागी रॉकेल लावलं, फडक्यानं कोरडं पुसलं आणि वर पांढऱ्या खडूची पूड चोळली. पांढऱ्या पुडीत हळूहळू रॉकेलची एक ओली रेघ उमटली. केसाएवढी. दांडीला अर्धा वळसा घालून गेलेली.

“तडा हाय,” वाळूभाऊ म्हणाले.

तेजूनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ती रागावली की तिचा आवाज खाली जातो. “काका, मला सुमनमावशींनी आल्या आल्या सांगितलं, आई काल कशाला आली होती ते. अगदी हेच वाक्य ना? चिमट्याला तडा गेलाय?”

सुमनबाई टपरीतून म्हणाल्या, “अगं, मी चेष्टेत बोलले!”

“तेजू, हे खरं आहे,” मी म्हणाले. “काल मी खोटं सांगायला सांगितलं होतं. पण आज हे खरं आहे.”

“ऐकतेयस का तू स्वतःला?” ती म्हणाली. “ती रेघ रंगाची आहे. रंग तडकलाय. सहा महिने मी हिच्यावर ओझं वाहतेय, काही झालं नाही. द्या सायकल.”

तिनं हँडल धरलं. वाळूभाऊंनी सोडलं नाही. ते म्हणाले, “तुझ्या आईनं मला खोटं बोलायला सांगितलं, ह्ये खरं. मी नाय म्हनलो, ह्ये पन खरं. आता तू कोनाचंच ऐकनार नाय. मंग लोखंडालाच इचारू.”

त्यांनी सायकल उलटी केली, पुढचं चाक काढलं आणि पेटीतून हॅक्सॉ घेतला. तेजू ओरडली, “काका! माझी सायकल आहे ती!” त्यांनी रेघेच्या समोरच्या बाजूनं दांडी कापायला घेतली. तो आवाज मी आता कुठल्याही करवतीत ऐकते. निम्म्यापर्यंत पातं गेलं तेव्हा ते थांबले, दांडी हातात धरली आणि थोडीशी वाकवली. जोर लावावाच लागला नाही. वाळलेल्या काडीसारखी ती तुटली.

त्यांनी तुटलेलं तोंड तिच्यापुढे धरलं. पात्यानं कापलेला अर्धा भाग चांदीसारखा चकचकीत होता. उरलेला अर्धा तपकिरी, जुन्या गंजाचा. मध्ये नखाएवढी पट्टी तेवढी ताजी होती. पोलाद एवढ्यावर उभं होतं.

“किती दिवसांचा आहे हा?” तेजूनं विचारलं.

“गंज बघून सांगतो, दिवाळीपासून तरी असंल. दोऱ्यानं पानी धरलं, आन दोऱ्यानंच झाकलं.”

दिवाळीपासून. म्हणजे कसारा घाट, दोन्ही वेळा. मी जमिनीवरून उचललेला कापलेला दोरा तेजूनं माझ्या हातात पाहिला. मला बोलणी बसतील असं वाटलं होतं. ती मात्र सुमनबाईंच्या बाकावर जाऊन बसली आणि आपल्या दोन्ही तळहातांकडे बघू लागली.

नवा चिमटा पुण्याहून आला. वाळूभाऊंनी तो बसवला आणि जुन्याचा तुकडा दुकानात खिळ्याला टांगला. मला वाटलं होतं, आता तरी तेजू जाणार नाही. तिनं नकाशावरून एक टाचणीही काढली नाही. निघायच्या आदल्या दिवशी सायकल खोक्यात बांधताना ती म्हणाली, “काका, आता तरी म्हणा ना, ठीक आहे.”

“बघितली हाय,” ते म्हणाले. “आता तिकडं बघायला मी नाय. रोज मुक्कामाला पोचलीस की त्या जोडाचा फोटो काढ. आईला पाठव. आई मला पाठवंल. मी बघीन.”

तिनं कबूल केलं. आणि मी? सगळं डोळ्यांनी बघूनही मी तिच्या पिशवीत, शेंगदाण्याच्या लाडवांच्या डब्याखाली, नवा काळा दोरा ठेवला. बांधायला नाही, नुसता जवळ असावा म्हणून. असं मी स्वतःला सांगितलं.

रोज फोटो येतो. मी तो वाळूभाऊंना पाठवते. सकाळी दुकान उघडलं की त्यांचा उलट व्हॉइस मेसेज येतो, दोनच शब्दांचा. अकरा दिवस असंच चाललं. मधल्या डोंगराळ भागात ती पोचली. काल रात्री उशिरा आलेल्या फोटोबरोबर निरोप होता, ओल्या उतारावर पुढचं चाक खड्ड्यात गेलं, पडले, गुडघा खरचटला, बाकी काही नाही. आज सकाळी वाळूभाऊंनी पहिल्यांदाच मला फोन केला. “ताई, कालच्या फोटोत अंधार हाय. काय दिसत नाय. उद्या मोठा उतार हाय म्हनता ना? तिला सांगा, आज उजेड असतानी काढ. दोन्ही बाजूंनी. जवळून.”

मी सांगितलं. तिकडे या दिवसांत रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे आपला एक वाजतो. मी जागी राहिले. फोटो साडेबारा वाजता आला. छान स्वच्छ उजेडातला, अगदी जवळून काढलेला. मागे दगडी भिंत आहे आणि भिंतीत एक नळ.

जोड दिसत नाही. त्यावर काळा दोरा आहे, सात वेढे, घट्ट. खाली तिनं लिहिलंय, ‘लाडवांखाली सापडला तुझा दोरा. काल पडले तेव्हा वाटलं, बांधावा. आता तरी झोप गं आई.’

मी लगेच लिहिलं, ‘तेजू, दोरा काढ. कापून टाक. त्याच्याखालचा फोटो पाठव. त्याशिवाय उद्या सायकलवर बसू नकोस.’ तीन वेळा फोन लावला, लागत नाही. उद्या सकाळी सातला ती निघणार आहे, आपले साडेदहा. दुकान नऊला उघडतं. वाळूभाऊंना मी फोटो पाठवलेला नाही, कारण ते काय म्हणतील ते मला माहीत आहे.

पंचवीस मिनिटं झाली. माझ्या निरोपापुढे अजून एकच टिक आहे.