दोष लाइनीचा नव्हता

मंगळवार, ११ मार्च २०२५. नळ ६.१० ते ७.००. मेथी निवडली. विनयला मेसेज ९.१५, उत्तर नाही. संध्याकाळी श्रावणभाऊ खाली आले, चेहरा उतरलेला. इंग्रजीत एक कागद लिहून द्याल का, म्हणाले.

श्रावण इंगळे दोन वर्षांपासून अमरावतीच्या आमच्या घरी वरच्या खोलीत राहत होते. वय सत्तावन्न. मूळचे अकोल्याच्या जुन्या शहरातले. तीस वर्षं टेलिफोन खात्यात खांबांवर चढून तारा जोडल्या, मग स्वेच्छानिवृत्ती. पुढे डोळ्यांच्या एका दवाखान्याने त्यांना ठेवून घेतलं. दवाखान्याच्या दोन शाखा, अकोला आणि अमरावती. दोन्हींमधली इंटरनेटची लाइन यांच्या जिम्मेदारीवर. आठवडाभर इथे, रविवारी घरी बायकोकडे, इंदूबाईंकडे. वर त्यांचा रेडिओ लागला की घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. मी तसं कधी बोलले नाही.

अडचण अशी होती. अकोल्यात पेशंटच्या डोळ्याच्या आतला फोटो काढायचे आणि इथे बसलेले डॉक्टर तो बघायचे. एक फोटो यायला दोन मिनिटं लागत. एका पेशंटचे सहा फोटो, म्हणजे बारा मिनिटं. सॉफ्टवेअर बनवणारा मनोज म्हणायचा, लाइनच मंद आहे. दवाखान्याने महिनाअखेरची मुदत दिली होती. नाहीतर लाइन बदलणार आणि लाइनवाला माणूसही.

"लाइन साफ हाय, काकू," ते म्हणाले.

"मग सांगा ना त्यांना."

"सांगतलं. तो हासते. म्हणते, काका, खांबावर चढून पाहा, एखादं माकड बसलं असन."

त्यांनी तोच फोटो त्याच लाइनीवरून, सॉफ्टवेअर मधे न घेता, साधा पाठवून पाहिला होता. सहा सेकंदांत पोचला. मनोजने तो योगायोग ठरवला. म्हणून मी मागच्या वर्षीच्या डायरीची कोरी पानं काढली आणि रकाने आखले. श्रावणभाऊ दवाखान्यातून वेळ कळवायचे, मी लिहायची. सकाळ, दुपार, संध्याकाळ. पाच दिवसांत तीस नोंदी झाल्या. साधा फोटो सहा-सात सेकंद. सॉफ्टवेअरमधून दोन मिनिटं.

पाचव्या दिवशी पान वाचताना मला एक गोष्ट खटकली.

"श्रावणभाऊ, नळाला जोर नसला तर बादली कधी दहा मिनिटांत भरते, कधी वीस. तुमची ही दोन मिनिटं रोज सारखीच कशी? सकाळी तीच, गर्दीच्या वेळी तीच?"

त्यांनी पान ओढून घेतलं आणि एकेका नोंदीवर बोट फिरवलं. चहा निवला. मग "आलोच," म्हणून वर गेले.

लाइनीवरून काय जातं-येतं ते क्षणाक्षणाने टिपून ठेवणारा एक प्रोग्राम असतो. तो त्यांनी लावला. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसून शेंगदाण्यांची वाटी पुढे ओढली आणि एक दाणा माझ्याकडे सरकवला.

"हा एक तुकडा पाठवला. आता मी हात बांधून बसलो. तुमी 'मिळाला' म्हणाल तवाच दुसरा पाठवीन. म्हणा."

"मिळाला."

"हा दुसरा. पुन्हा बसलो. एका फोटोचे असे दोन हजार तुकडे."

"पण अकोला काही लांब नाही."

"सारे तेच समजून राहिले, काकू! बसनं जवळ हाय. आपली लाइन मुंबईवरून फिरून येते. तुकडा मुंबईवरून येते, 'मिळाला' मुंबईवरून जाते. एका खेपेले सेकंदाच्या शंभर भागांतले सहा भाग. करा दोन हजारानं गुणाकार."

मी केला. एकशे वीस सेकंद.

"मनोजनं दोन्ही कॉम्प्युटर एकाच टेबलावर ठेवून तपासलं होतं. तिथं कायची वाट? लाइन मंद नाई. बहुतेक वेळ ती रिकामीच असते. वाट पाहून राहिली असते."

मी ते इंग्रजीत उतरवलं, दोन पानं. मधेच फोनकडे नजर गेली. माझा मुलगा विनय कॅनडात असतो. एका मेसेजचं उत्तर आल्याशिवाय दुसरा करायचा नाही, ही माझी सवय; आपण मधे मधे बोलतोय असं त्याला वाटू नये. सकाळचा मेसेज तसाच होता.

कागद गेला तसा मनोज स्वतः घरी आला. पोहे खाता खाता त्याने दोन्ही पानं वाचली.

"इंग्रजी कोणाचं हे?"

"माझं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांच्या शाळेतलं. डोकं श्रावणभाऊंचं."

अठ्ठावीस तारखेला त्याने बदल केला. आता उत्तराची वाट न बघता तुकडे एकामागून एक निघतात. फोटो आठ सेकंदांत येतो. त्याने श्रावणभाऊंना फोन केला, तो मलाही ऐकू आला: "काका, माकड आमच्याच खांबावर होतं."

श्रावणभाऊ मोठ्याने हसले. इतकं हसताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं.

चार दिवसांनी ते जिन्यावर थांबले. दवाखान्याने त्यांना अकोल्यालाच कायम केलं होतं. फोटो तिथून निघतात, आणि इथे आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"इंदूबाईंना बरं वाटलं असेल," मी म्हणाले.

"ते म्हणते, आता रोज भांडाले माणूस भेटला," ते म्हणाले. आणि मग, "तुमाले करमन ना, काकू?"

"मला काय होतंय?"

शनिवारी सकाळी ऑटो आला. गादी, रेडिओ, एक पेटी. "पोचलो की कळवतो," म्हणाले आणि दुपारी दोन वाजता कळवलंही.

त्यानंतर मी उत्तराची वाट न पाहता विनयला चार मेसेज केले. श्रावणभाऊ गेले. फोटो आठ सेकंदांत येतो. बागेतला कढीपत्ता वाढलाय. तू जेवलास का. चारही पोचल्याचं दिसलं. रात्री उत्तर आलं, अंगठ्याचं चित्र.

शनिवार, ५ एप्रिल. वरच्या खोलीच्या पाण्याचा कॉक बंद केला.