रेडिएटरमधलं जड पाणी

एका रविवारी कूलंट बरंच कमी झालेलं दिसलं, म्हणून मी बाबांच्या गाडीच्या रेडिएटरमध्ये हिरवंगार कूलंट भरलं आणि झाकण घट्ट लावलं. पुढच्या रविवारी इंजिन गार असताना झाकण उघडलं, तर आत अजूनही काठोकाठ. खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण गाडीखाली आठवडाभर ओला डाग पडत होता, तो मी रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर बघत होते. गळतंय, तरी कमी होत नाही, हे कसं? आणि रंगही फिका वाटत होता.

मी अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. पिंपावर काय लिहिलंय ते वाचून गप्प बसायचं नाही, झाकण उघडून नमुना घ्यायचा, ही एकवीस वर्षांची सवय. घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. स्टेशनच्या पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, खाली पार्किंग, तिथे ही एकोणीस वर्षांची, एसी नसलेली छोटी गाडी. काचबिंदूने बाबांची डाव्या बाजूची नजर गेली आणि डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला साफ मनाई केली. तेव्हापासून ती मीच चालवते, तीसुद्धा रविवारी बाजारहाटापुरती. एरवी मी कंपनीच्या बसने जाते.

त्या रविवारी मी मीटरही बघितला. पेट्रोल भरताना आकडा लिहून ठेवायची मला खोड आहे. मागच्या रविवारी पेट्रोल भरून मी सरळ घरी आले होते, तरी वहीतल्या आकड्यापेक्षा मीटर सतरा किलोमीटरने पुढे होता.

मी एका छोट्या बाटलीत रेडिएटरमधलं पाणी काढून घेतलं आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये तपासलं. निम्म्याहून जास्त साधं पाणी निघालं, आणि तेही जड, क्षार असलेलं. आमच्या बिल्डिंगच्या बोअरचं पाणी असंच आहे, त्याने बादल्यांवर पांढरे थर चढतात. बोअरचा नळ पार्किंगमध्येच, वॉचमनच्या खोलीला लागून. म्हणजे कोणीतरी माझ्या मागे गाडी फिरवत होतं, आणि गळती लपवायला पाणी ओतत होतं.

संध्याकाळी मी वॉचमनला गाठलं.

"गाडीत पाणी कोण टाकतं?"

"मालूम नाही मॅडम. मी तर फक्त पुसतो."

हे म्हणताना तो माझ्याकडे नाही, जिन्याकडे बघत होता. एवढं मला पुरलं. त्याने चावीची नक्कल करून घेतली असणार, असं मी ठरवूनच टाकलं. सीसीटीव्ही सहा महिने बंद होता, त्यामुळे पुरावा नव्हता, तरी मी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे तक्रार केली. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी त्याला चारचौघांत झापलं. घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. ते टीव्ही बघत होते. "हं," म्हणाले आणि आवाज वाढवला.

गळतीचं मात्र काहीतरी करायला हवं होतं. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून दोन मिनिटं आत बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, इंजिनचं लफडं आहे. गॅस्केट गेला असेल. सोडून जा गाडी, खोलून बघतो." पाणी रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातून ठिबकताना मला समोर दिसत होतं. मी गाडी सोडली नाही. आमच्या कंपनीतल्या मेंटेनन्सच्या फिटरला फोटो दाखवले, तर तो म्हणाला, "यात काय आहे? दोन पाइप, दोन बोल्ट आणि एक पंखा. घरीच बदला."

शनिवारी उल्हासनगरला जाऊन रेडिएटर घेतला. दुकानदार सिंधी, साठीचा, फार शांत माणूस. मी खोका उघडला, जाळीवर बोट फिरवलं, सांधे उजेडात धरून बघितले, शिक्का नखाने खरवडला. मग म्हटलं, पाण्यात बुडवून, हवा भरून दाखवा. त्याने तेही केलं. टबात एक बुडबुडा आला नाही. दुसऱ्यांदा भरायला सांगितल्यावर तो म्हणाला, "मॅडम, आप पुलिस में हो क्या?"

"नाही, लॅबमध्ये आहे," मी म्हटलं.

"वही तो," म्हणाला आणि पुन्हा पंप मारायला लागला.

रविवारी सकाळी आठला मी पार्किंगमध्ये पाने, पक्कड, टब आणि जुनी चादर मांडली. बाबा खुर्ची घेऊन खाली आले. एरवी कामात तोंड घातल्याशिवाय त्यांना राहवत नाही. जांभूळ गावातल्या वॉटर वर्क्सवर पंप ऑपरेटर म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली, पाना माझ्या हातात आला तोही त्यांच्यामुळेच. त्या दिवशी मात्र ते गप्प बसले होते. मी बॅटरीची वायर काढली, खाली टब ठेवून पाणी सोडलं. फिकट, जवळजवळ पांढरंच पाणी आलं. मग पुढची जाळी काढायला वाकले.

जाळीची डावीकडची क्लिप तुटलेली होती. तिच्या जागी तांब्याची तार बांधली होती. तीन पीळ, आणि तारेची टोकं आत वळवून दाबलेली, कोणाच्या बोटाला टोचू नयेत म्हणून. आमच्या घरात कपड्यांच्या दोरीपासून गॅसच्या शेगडीमागच्या नळीपर्यंत प्रत्येक तार अशीच बांधलेली आहे.

मी तारेच्या पिळावरून अंगठा फिरवला.

"बाबा, ही तार कोणी बांधली?"

"कुठली?"

"ही."

"जुनी असेल."

जाळी काढली. मागे रेडिएटरचा खालचा कोपरा आत चेपला होता आणि पात्यांमध्ये चुना लावलेल्या दगडाचा कपचा अडकला होता. मी तो पक्कडीने काढून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी उजव्या डोळ्याने नीट बघितला.

"जांभूळला वळताना," ते म्हणाले. "शेताच्या हद्दीचा दगड होता. डावीकडचा दिसलाच नाही मला."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पंप हाऊसवर त्यांच्याबरोबर काम केलेला त्यांचा मित्र जांभूळलाच राहतो. त्याला लकवा झाला, एक बाजू गेली. बाबा दर मंगळवारी, मी कामावर गेले की गाडी काढून त्याच्याकडे जायचे. चावी दारामागच्या खिळ्याला, त्यात नक्कल करण्यासारखं काही नव्हतंच. दगडावर आदळल्यापासून रेडिएटर गळायला लागला. बाबांना त्याचं तोंड नीट दिसायचं नाही, पाणी बाहेर सांडायचं, म्हणून वॉचमन ओतून द्यायचा.

"आणि मी त्याची तक्रार केली, तेव्हा तुम्ही गप्प बसलात?"

"मी सेक्रेटरीकडे निघालो होतो. वॉचमनच म्हणाला, राहू दे बाबा, मला बोलणी खायची सवय आहे."

मला रडूही येत होतं आणि संतापही. "दगडाच्या जागी एखादं पोर असतं तर?" मी ओरडले. वरच्या गॅलरीत कोणीतरी डोकावलं. बाबांनी मान खाली घातली.

"म्हणून तर त्यानंतर गेलो नाही," ते म्हणाले.

"गेलात. गळायला लागल्यावरसुद्धा सतरा किलोमीटर झालेत. वहीत आहे माझ्या."

ते दगडाच्या कपच्याकडे बघत म्हणाले, "एकदाच. आता जमणार नाही, हे त्याला सांगायला. तिथे जाऊन मग सांगवलं नाही."

ते खरं होतं की मला वहीमुळे मिळालेलं उत्तर होतं, हे मला आजही ठाऊक नाही.

काम तर अर्धवट टाकता येत नव्हतं. मी वरचा पाइप काढला. खालच्या पाइपची क्लिप गंजलेली होती, ती निघेना. बाबा न विचारता उठले, माझ्या हातातली पक्कड घेतली आणि न बघता, बोटांनी जागा चाचपून क्लिप सैल केली. दोन बोल्ट काढून आम्ही जुना रेडिएटर पंख्यासकट उचलला. पंखा नव्यावर चढवला, नवा जागेवर बसवला. जाळीला मी नवी क्लिप लावली. कूलंट मीच ओतलं, डिस्टिल्ड पाणी मिसळून. इंजिन चालू करून पंखा फिरेपर्यंत आम्ही दोघं बॉनेटपाशी उभे राहिलो, खाली कोरडं होतं.

मग मी वॉचमनच्या खोलीकडे गेले आणि माफी मागितली. तो पोळी-भाजी खात होता. हात न थांबवता म्हणाला, "मॅडम, तुम्ही विचारलं तेव्हा मी पण झूठच बोललो ना." सेक्रेटरींना मी त्याच्या देखत फोन लावला आणि माझी चूक सांगितली. त्यानंतर काही महिने तो माझी गाडी सोडून बाकीच्यांच्या पुसत असे, आणि मीही त्याला कधी विचारलं नाही.

चावी आता माझ्या पर्समध्ये असते. बाबांनी ती स्वतःहून माझ्या हातात दिली. पण कपाटात आणखी एखादी नाही ना, हे मी ते अंघोळीला गेल्यावर बघून घेतलं. नव्हती.

पुढच्या रविवारी मी त्यांना जांभूळला घेऊन गेले. वाटेभर माझं लक्ष तापमानाच्या काट्यावर, त्यांचं खिडकीबाहेर. गावात शिरताना त्यांनी चुना लावलेला दगड दाखवला नाही, मीच ओळखला. घरासमोर गाडी लावल्यावर ते म्हणाले, "तू बस हवं तर गाडीत. मी येतो पाच मिनिटांत." मला पुन्हा संशय आला. मी काच वर केली आणि त्यांच्या मागोमाग उतरले.

ओटीवर खाटेवर एक म्हातारा माणूस पडला होता. मला बघून त्याचा अर्धा चेहरा हसला.

"आज तरी आलीस गो घरान," तो म्हणाला. बोलताना शब्द घसरत होते, पण कळत होते. "बापूस तुझा दर वेळेला सांगतो, पोरगी सोडायला आली, लाजते, गाडीनच बसून राहते. मी बोललो, इतकी कसली लाज?"

मी बाबांकडे बघितलं. ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहून चादरीची घडी सारखी करत होते.

"हो काका," मी म्हटलं. "दर वेळी राहूनच गेलं. आज आले."

"मंग बस की. चाय घेशील ना?"

आतून काकांच्या सुनेने विचारलं, साखर किती? बाबांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, "तिला कमी."