दसऱ्याच्या पाटावरची बंदूक

मी बऱ्हाणपूर सोडलं तेव्हा स्टेशनवर घरचे सगळे आले होते, पण गाडीत चढला तो फक्त संजू. संजू म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. काका लवकर गेले, त्यामुळे तो आमच्याच घरात वाढला. मला दिल्लीहून विमान होतं. हा खंडव्यापर्यंत सोडायला म्हणून निघाला. चांदनी स्टेशन मागे पडल्यावर एकदम म्हणाला, "भाऊ, तिकडच्या मशीनींचे फोटो टाकजो. जे दिसलं ते सगळं टाकजो. मले दुसरं काही नको."

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फलाटावर एकच गोष्ट सांगितली होती. ते स्वतः खानदेशातून इकडे मध्य प्रदेशात कागद कारखान्यात नोकरीला आलेले. "परक्या गावात आपला आवाज खाली ठेवायचा," असं ते आम्हांला लहानपणापासून सांगत. मी तिकडे आवाज खालीच ठेवला. चढवला तो घरच्या ग्रुपवर.

हे मी तुम्हां सगळ्यांसाठी लिहितोय, बऱ्हाणपुरात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठीही. तुम्ही माझे फोटो पाहिलेत, त्याखाली अंगठे टाकलेत. त्यामागची गोष्ट मात्र तुम्हांला अर्धीच माहीत आहे, आणि तिचा उरलेला अर्धा भाग मी गेली तीन वर्षं गिळून बसलो आहे.

अ‍ॅरिझोनात मी यंत्रांचे भाग डिझाइन करणाऱ्या कंपनीत आहे. ऑफिसातले लोक शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जात, मलाही नेत. आपल्याकडे परवान्याच्या बंदुकीसाठी माणसाच्या चपला झिजतात, आणि निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करून पावती घ्यावी लागते. तिकडे ग्रीन कार्डवर मी दुकानात गेलो, फॉर्म भरला, चौकशी झाली आणि रायफल घेऊन घरी आलो. त्या दसऱ्याला मी ती पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि फोटो ग्रुपवर टाकला. मामी म्हणाल्या, "वा, खरी शस्त्रपूजा!" माझ्या डोक्यात हवा जायला तेवढं पुरे झालं.

संजूच्या पूजेचा फोटोही त्याच दिवशी आला होता. त्याचं वर्कशॉप आहे, पॉवरलूमचे मोडके भाग तो लेथवर नवे करून देतो. पाटावर पाने-पक्कड, हातोडी, मायक्रोमीटर, आणि लेथच्या गळ्यात झेंडूची माळ. तो फोटो किती सुंदर होता हे मला आज कळतं. तेव्हा मी खाली लिहिलं, "संजूशेठ, शस्त्रं कुठायत?" सगळे हसले. तोही हसला.

पुढच्या उन्हाळ्यात एका रेंजवर मी भाड्याने ऑटोमॅटिक बंदूक चालवली. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात. शेजारी त्यांचा माणूस उभा, बंदूक त्यांची, जागा त्यांची. मी त्याचा व्हिडिओ टाकला आणि वर लिहिलं, "इथे सगळं चालतं." हे खोटं होतं आणि मला ते ठाऊक होतं. अमेरिकेतही साध्या नागरिकाला नवी ऑटोमॅटिक घेता येत नाही. फार जुन्या, सरकारकडे नोंदलेल्या काही आहेत, त्या चौकशा आणि परवानग्यांनंतर मिळतात. घरी बनवली तर सरळ तुरुंग. रेंजच्या भिंतीवर तसं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. मी ती भिंत व्हिडिओत येऊ दिली नाही.

संजूने विचारलं, "भाऊ, हे आतून कसं असतं?" मी त्याला चित्रं पाठवली. वर एक व्हॉइस मेसेज: "अरे, तुझ्या लेथवर हे किती दिवसांचं काम? येत्या दसऱ्याला मांड पाटावर. सगळ्यांची बोलती बंद होईल." मी हे गमतीत म्हणालो, असं आजवर स्वतःला सांगत आलोय. पण मला त्याच्याकडून ते करवून घ्यायचं होतं. माझ्या शब्दावर तो काय काय करतो, हे बघायची हौस होती.

त्याने केली. नळी भरीव ठेवली, गोळी जायला जागाच नव्हती. पण चाप, खटका, आतले भाग असे बसवले की खरे वाटावेत. हात चांगला असल्याची ती शिक्षा. दसऱ्याला मायक्रोमीटरशेजारी ती बंदूक ठेवली, कुंकू लावलं, फोटो ग्रुपवर आणि स्वतःच्या स्टेटसवर टाकला. खाली लिहिलं, "भाऊ, आता सांग." मी टाळ्या पाठवल्या.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. आमच्या बाजूला चोरून बनवलेल्या हत्यारांवरून आधीच कडक नजर असते, त्यात हा फोटो फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेलेला. आपल्या कायद्यात ऑटोमॅटिक हे प्रतिबंधित शस्त्र. सामान्य माणसाला त्याचा परवानाच नाही, आणि बनवणं हा मोठा गुन्हा. अण्णांचा फोन आला तेव्हा माझी संध्याकाळ होती. "वकील म्हणतात, तू लेखी दे. मी सांगितलं म्हणून त्याने केलं, पूजेत मांडायला केलं, एवढंच लिही. चित्रं तूच पाठवलीस ना?"

माझा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा शेवटच्या टप्प्यावर होता. शस्त्रांच्या प्रकरणात माझं नाव आलं तर काय होईल, हे मी कुणाला विचारलंसुद्धा नाही. मी म्हणालो, "अण्णा, माझ्या लिहिण्याने उलट गुंता वाढेल. वकिलाचं सगळं मी बघतो."  अण्णा म्हणाले, "बरं." त्यानंतर त्यांनी तो विषय कधीच काढला नाही.

संजू सात महिने आत होता. त्याच काळात मी हात वर करून अमेरिकेची शपथ घेतली, बायकोने फोटो काढला. तो फोटो मी ग्रुपवर टाकला नाही. मला वाटलं, हा आपला समजूतदारपणा.

या महिन्यात तीन वर्षांनी घरी आलो. संजू जामिनावर बाहेर आहे, तारखांना जातो. वर्कशॉप बंद आहे, यंत्रमागवाले आता दुसरीकडे जातात. मला बघून त्याने पहिल्यासारखीच बॅग हातातून काढून घेतली. दोन दिवस त्याने मला केळीच्या बागा दाखवल्या, जवळच्या जसोंडी गावाला नेलं, प्रकरणाबद्दल अवाक्षर नाही. तिसऱ्या दिवशी त्याची बायको रेखा चहा ठेवताना म्हणाली, "दादा, एक सांगू का? पोलीस दारात होते ना, तव्हा हे मोबाईल घेऊन आत बसले होते. तुमचे मेसेज पुसत होते. म्हणे, भाऊचं तिकडचं काम बिघडन. सबूत मिटवला म्हणून तर जामीन एवढा लांबला." ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. ती फक्त सांगत होती.

त्याने पुसलेलं सगळं माझ्या फोनमध्ये होतं. चित्रं, टाळ्या, माझा आवाज. मी अण्णांना आणि संजूला समोर बसवून तो मेसेज लावला. माझा तो फुशारलेला आवाज त्या खोलीत ऐकणं, याहून लाजिरवाणं मी आयुष्यात काही केलेलं नाही. संजू म्हणाला, "आता काबर भाऊ? जे व्हायचं ते होऊन गेलं. तुझ्यावर नको डाग." माझं तिकडचं आता काही बिघडण्यासारखं फारसं उरलेलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. नागरिकत्व मिळालंय. माझं धैर्य जागं झालं ते सगळं हाती लागल्यावर, हेही तुम्ही लक्षात ठेवा.

आज सकाळी कोर्टाबाहेर, तेव्हा न दिलेलं ते लेखी शपथपत्र टाइप करून घ्यायला बसलो. संजू माझ्या मागे उभा होता. टाइप करणाऱ्याने नाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, मग "निवासी कहाँ के?" ओठांवर बऱ्हाणपूर आलं होतं. पण खरं सांगायला आलो होतो, पहिल्याच ओळीत खोटं नको, म्हणून अ‍ॅरिझोनाचा पत्ता सांगितला. माझं घर कुठे, याचं उत्तर आता कागदावर असं आहे, आणि ते मीच दिलंय.

मग त्याने मान वर न करता पुढचं विचारलं, "आरोपी से क्या रिश्ता है?"

"भाई," मी म्हणालो. मागे वळून बघायची मात्र हिंमत झाली नाही.