मुनशीच्या नावाचं काळं कापड

दुसरं महायुद्ध संपून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मिरजगावला आमच्या घरी एक चाऊस आला. मी त्या वेळी नगरच्या एका साप्ताहिकात बातमीदार होतो आणि सुट्टीवर घरी आलो होतो. चाऊस म्हणजे निजामाच्या मुलखात शिपाईगिरी आणि राखण करणारे अरब. घरं इकडे, भाऊबंद समुद्रापलीकडे. हा बीडमधल्या एका पेढीवर पहाऱ्याला होता. कमरेला वाकड्या पात्याचा जंबिया आणि अंगात खाकी कोट.

मोटारस्टँडवरच्या लोकांनी त्याला घरापर्यंत आणून सोडलं. त्यांतला एक जण ओरडला, "मुनशीचाचा, पाव्हनं आलंय. हत्यार हाय कमरंला, जरा गोड बोला!" आणि मंडळी हसत परत गेली.

मुनशीचाचा म्हणजे माझे वडील. एडन बंदर मुंबई सरकारच्या हाताखाली होतं, त्या काळात आमच्या भागातले बरेच लोक तिथे नोकरीला होते. वडील मदरशात अरबी शिकलेले, म्हणून ते दुभाषे मुनशी झाले. बंदरामागच्या डोंगरांत टोळ्यांचे शेख आणि सुलतान होते. सरकार प्रत्येकाशी वेगळा करार करी. शेखाने आपली जमीन दुसऱ्या परक्या सत्तेला द्यायची नाही, काफिल्यांची वाट सुरक्षित ठेवायची. बदल्यात सरकार त्याचं रक्षण करणार, सालीना रक्कम देणार, मोठा असेल तर तोफांची सलामीही. इंग्रजी मसुदा अरबीत वाचून दाखवणं आणि शेखाचं बोलणं साहेबाला सांगणं, हे वडिलांचं काम.

एका शेखाची हकीकत ते आम्हाला नेहमी सांगत. सगळा करार ऐकून झाल्यावर हा शेख शिक्का उमटवीना. कागद काय, कोणीही लिहितो, असं त्याचं म्हणणं. तुमच्यापैकी कोण चेहरा देतो ते सांगा. साहेब कंटाळला होता. तो वडिलांना म्हणाला, त्याला काय हवं ते बोलून टाक. वडिलांनी छातीवर हात ठेवून अरबीत म्हटलं, "माझ्या चेहऱ्यावर." शेखाने लगेच शिक्का मारला. मग त्याच्या बहिणीने स्वतः आणून वाढलेला मध आणि तुपातली भाकरी सगळ्यांनी खाल्ली. वडील ही गोष्ट स्वतःच्या हुशारीची म्हणून सांगत. ते शब्द ही तिकडची बोलायची रीत आहे, नमस्कार-चमत्कारासारखी, असं त्यांनी धरलं होतं.

चाऊस त्या शेखाच्या टोळीतला निघाला. तिकडे आपल्या मुलखात जाऊन नुकताच परतला होता. चहा झाल्यावर तो म्हणाला, "मुनशीसाहेब, म्हाताऱ्या शेखानं निरोप दिलाय. गाव पडलं."

"पडलं म्हंजे?"

"सरकारची इमानं आली आभाळातनं. वाटंवर मोटारी लुटल्या, त्या दुसऱ्याच टोळीनं. सरकार म्हनलं, हद्द तुमची, मानसं हवाली करा. शेख म्हनला, मुदत द्या, पकडून देतो. मुदत न्हाई दिली. आदी कागदं टाकली वरनं, गाव सोडा म्हनून. मग बाँब. किल्ला गेला, हिरी बुजल्या."

"मानसं?"

"मानसं डोंगरात गेल्ती. शेखाची बहीन तेवढी निघाली न्हाई. म्हनली, आमाला राखायचा करार हाय, मी कशाला पळू? ती त्यातच गेली."

वडिलांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

मी माझ्या धंद्याच्या सवयीने विचारलं, "करार मोडला सरकारने. अब्बांचा त्यात काय संबंध?"

"सरकारला चेहरा कुटं हाय?" चाऊस म्हणाला. "चेहरा यांनी दिला."

मग त्याने रिवाज सांगितला. चेहरा देणारा जामीन असतो. करार मोडला, तर मोडणाऱ्याकडून भरपाई करून घेणं त्याचं काम. त्याने ते केलं नाही, तर टोळीच्या बाजारात, बाजाराच्या दिवशी, काठीला काळं कापड बांधतात आणि त्याचं नाव मोठ्याने पुकारतात. त्यानंतर टोळीतला कोणी त्याचा शब्द घेत नाही, त्याच्या घरचं अन्न घेत नाही. शेखाने अजून कापड लावलेलं नव्हतं.

"म्हातारा दिलदार हाय. तो म्हनतो, मुनशीची इच्छा असंल तर सोडतो. बाजारात समद्यांम्होरं सांगतो, हा नोकर मानूस, धन्यानं बोलाय लावलं ते बोलला. मग कापड लागत न्हाई."

आई उंबऱ्यातून ऐकत होती. ती म्हणाली, "सोडत्यात तर सुटा की! इतक्या लांबनं मानूस धाडलाय त्यांनी. तुमी काय इमान चालवत हुता?"

"भाभी बरोबर बोलतात," चाऊस म्हणाला. "खरंच नोकर हुते."

वडिलांनी विचारलं, "सोडलं, तर माझं नाव कशात धरत्यात?"

चाऊस जरा चाचरला. "बिनचेहऱ्याचा. आमच्यात गुलामाचा शब्द धरत न्हाईत, मुनशीसाहेब. त्याच्यावर रागवत बी न्हाईत."

"आनि कापड लागलं, तर?"

"तर चेहरा हुता, आनि काळा झाला."

वडील उठून मागच्या अंगणात गेले. आईने तोवर पाहुण्यासाठी कोंबडी कापून चुलीवर चढवली होती. मी मागे गेलो, तेव्हा वडील हौदाच्या कडेवर बसले होते. मी म्हटलं, सोडतात तर सुटून घ्या, इथे कोणाला काही कळणार नाही, आणि कायद्याने तर तुमच्यावर काहीच येत नाही.

ते म्हणाले, "साहेब तर तवा घड्याळाकडं बघत हुता. शेख बघत हुता माज्याकडं. आनि ती बाई माज्या शब्दावर घरात बसली. आता मी म्हनू, की मी बोललोच न्हाई?"

"तुम्हाला रिवाज माहीत नव्हता."

"इचारायचा हुता. इचारायसाठीच तर नोकरी हुती माजी."

घरात येऊन ते चाऊसासमोर बसले आणि अरबीत एक वाक्य बोलले. मग आमच्यासाठी मराठीत म्हणाले, "कापड लावा म्हनावं. नाव नीट पुकारा. बापाचं बी घ्या, म्हंजे दुसऱ्या कुना मुनशीवर जायचं न्हाई."

आई म्हणाली, "अवो, जरा इचार करा!" वडिलांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

चाऊस उभा राहिला. आल्यापासून तो वडिलांशी आपुलकीने बोलत होता. आता तो उंबऱ्याबाहेर जाऊन जोडे घालू लागला. "मग मला जेवता येनार न्हाई, मुनशीसाहेब."

"ठाव हाय," वडील म्हणाले.

ते त्याला मोटारीपर्यंत पोचवायला निघाले, तेव्हा चाऊसाने हात आडवा केला. वडील दारातच थांबले. तो वळणाआड जाईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

शेजारचा सुतार पलीकडून हे पाहत होता. कोंबडीचा वास त्याच्या अंगणापर्यंत गेला असणार. त्याने हाक मारून विचारलं, "का वो चाचा, पाव्हनं न जेवताच गेलं? असली कसली मानसं ही?"

"बरोबर गेलं," वडील म्हणाले. "आमच्यात जेवत न्हाईत ते."