मिठागरातल्या तळ्याचा फोटो

नव्वदच्या दशकात आम्ही वाशीला राहायला आलो, तेव्हा खाडीकडे मिठागरं होती. भरतीचं पाणी आधी एका मोठ्या तळ्यात घ्यायचं, मग तिथून मिठाच्या वाफ्यांत सोडायचं. पुढे ट्रकवाल्यांनी तळ्याच्या तोंडाशीच राडारोडा ओतला. भरती आत येईना, तळं आटत चाललं. मी दर रविवारी कॅमेरा घेऊन तिथे जायचे. नवरा म्हणायचा, "लोक लोणावळ्याचे फोटो काढतात, तू चिखलाचे काढ."

मिठागर कसणाऱ्या मावशींचा सगळा संसार त्या तळ्यावर. तोंड मोकळं झालं नाही, तर पुढच्या हंगामात मीठच पिकणार नव्हतं. पालिकेतल्या एका साहेबांनी फोटो बघायचं कबूल केलं होतं. त्याच आठवड्यात उरल्यासुरल्या पाण्यात मासे मरून वर आले आणि नेमका माझा रोल संपला. "मावशी, उद्या सकाळी येते फोटो काढायला," एवढं सांगून मी घरी आले.

सकाळी बघते तर काय! मेलेला एक मासा दिसेल तर शपथ. प्लास्टिकच्या पिशव्या गायब, बांध झाडलेला, मिठाचा एकुलता एक ढीग थापून टोकदार केलेला. शेजारी मावशी ठेवणीतलं पिवळं लुगडं नेसून, अबोलीची वेणी माळून उभ्या. माझं डोकंच फिरलं.

"मावशी, हे काय करून ठेवलंत?"

"फोटो काढाचा हाय ना, बाय? मंग घानीन उभी राहू काय?"

कपाळावर हात मारला आणि मागच्या तळ्यासकट त्यांचा फोटो काढला. साहेबांना मात्र आधीचेच दिले. त्यांनी ते भराभर चाळले, "बघतो" म्हणाले. अजून बघतायत. पावसाळा संपला आणि तळ्यावर मातीचा भराव पडला.

दिवाळीनंतर मावशी आमच्या घरी आल्या. "बाय, तल्याचा फोटो दे."

मी होते नव्हते ते सगळे समोर मांडले. भेगाळलेला तळ, पांढरा खार, गाळात रुतलेली उलटी होडी. माझ्या मते ते माझे सगळ्यात चांगले फोटो होते. मावशींनी एकेक बाजूला सारला.

"मढ्याचा फोटो कोन लावतं भितीला? जितेपनीचाच लावतात ना?"

मग मी तो पिवळ्या लुगड्यातला काढून दिला. त्यांनी पदराने पुसला, लांब धरून बघितला.

"मोठा करून दे. हार घालाचा हाय."

मला रडूच आलं. त्याच संध्याकाळी मी स्टुडिओत निगेटिव्ह देऊन आले.