मघाचाच समुद्र

पीव्हीसी पाइप आणि पाण्याच्या टाक्या विकून माणूस मॉरिशसला जाऊ शकतो, यावर महाडच्या बाजारपेठेत कुणाचा विश्वास नव्हता. माझाही नव्हता. पण दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत बिरवाडीला कारखान्यांतल्या कामगारांसाठी भाड्याच्या खोल्यांवर खोल्या उठत होत्या, प्रत्येक चाळीच्या डोक्यावर टाकी बसत होती, आणि दिवाळीनंतर कंपनीचा माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन दुकानात आला. दोन माणसांचं मॉरिशस. जाणं-येणं, राहणं, खाणं, सगळं कंपनीकडून.

दुसरं माणूस म्हणजे अर्थात बायको. पण आमच्या हिला पोलादपूरहून महाबळेश्वरला जाताना आंबेनळी घाटाच्या दुसऱ्याच वळणावर पिशवी लागते. ती म्हणाली, "जमिनीवरच्या एसटीत माझी ही गत, आभाळातून कुठं नेताय मला? आत्यांना घेऊन जा."

आत्याकडे पासपोर्ट होता. आतेभाऊ मस्कतला असताना आईला तिकडे न्यायचं म्हणून त्याने तो काढला होता. पुढे तोच परत आला आणि पासपोर्ट कुडपणच्या घरी देव्हाऱ्यामागे कोरा करकरीत पडून राहिला.

कुडपण म्हणजे पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्यावर. शेतं सपाट, पण शेवटचा बांध ओलांडला की एकदम दरी. आत्याचा सगळा जन्म तिथे नाचणी लावण्यात आणि गुरं, पोरं, कोंबड्या कड्यापासून मागे हाकण्यात गेला. तिला बातमी सांगायला मी स्वतः वर गेलो.

"कुठं जायचं म्हणालास?"

"मॉरिशस."

"मोरीशेस," ती म्हणाली. "बरोबर हाय. पाइप इकणाऱ्याला मोरीच दावणार."

आमच्याच बाजारपेठेतले एक टाइल्सवाले दुकानदार, जे याच कंपनीच्या टाक्याही ठेवायचे, आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या भाभी, हेही त्या सहलीत होते. ते बरीच वर्षं आखातात काढून आलेले, म्हणून सगळे त्यांना दुबईवाले म्हणायचे. परदेश या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा. मुंबईच्या विमानतळावरच त्यांनी आमचा ताबा घेतला. "परदेशात पासपोर्ट एकाच जबाबदार माणसाकडे असावेत," असं म्हणून चौघांचे पासपोर्ट त्यांनी कमरेच्या काळ्या पाऊचमध्ये टाकले. मग त्यांची नजर आत्याच्या हातातल्या मिश्रीच्या डबीवर गेली.

"आत्या, हे काय?"

"दाताला लावायची मिश्री."

"ही काळी पूड बघून तिकडचे पोलीस काय समजतील? द्या इकडे. मला परदेशी पोलिसांची सवय आहे."

डबीही पाऊचमध्ये गेली. त्यामुळे मॉरिशसला रोज सकाळी हॉटेलच्या गालिच्यावरून अनवाणी चालत आत्या त्यांच्या खोलीचं दार ठोठावायची, चिमूटभर मिश्री घ्यायची आणि जाता जाता भाभींना म्हणायची, "तुझा नवरा लय कडक हाय गो." भाभी हसून हसून दाराला टेकायच्या.

कंपनीच्या भाषणांमधून एक दिवस मोकळा मिळाला. दुबईवाल्यांनी हॉटेलच्या काउंटरवर जाऊन एक सहल ठरवली: लहानशी गाडी, मोजकी माणसं आणि दिवसभर बेटाच्या किनाऱ्यावरचे व्ह्यू पॉइंट. गाडीत आम्ही चौघं आणि एक म्हातारं फ्रेंच जोडपं. नवऱ्याच्या गळ्यात नारळाएवढा कॅमेरा. गाडी चालवणारा आणि माहिती सांगणारा माणूस एकच होता: सावळा, जाड मिशांचा, अंगात फुलाफुलांचा शर्ट. तो फ्रेंच बोलायचा, इंग्रजी बोलायचा आणि आमच्यासाठी सिनेमातलं हिंदी बोलायचा.

पहिल्या पॉइंटला उतरलो. खाली काळे खडक, त्यांवर फुटणाऱ्या लाटा, आणि वारा असा की दुबईवाल्यांची टोपी त्यांना एका हाताने धरूनच ठेवावी लागली. सगळे कठड्याकडे निघाले. आत्या मात्र जागेवरच थांबली.

"हितं कशाला आनलं?"

"बघायला, आत्या."

"काय बगायचं? पडायची जागा हाय ही."

तेवढ्यात फ्रेंच म्हातारा फोटोसाठी कठडा ओलांडून पुढच्या खडकावर चढला. आत्या धावली. सत्तरीतली बाई नऊवारीचा काष्टा सावरत इतकी धावू शकते, हे मला माहीत नव्हतं. तिने कॅमेऱ्याचा पट्टा मागून पकडला आणि खेचला.

"मागं हो रे मेल्या! डोळं फुटलं काय तुजं? कडा हाय कडा!"

म्हातारा गवतावर बसला. त्याची बायको "ओ!" म्हणाली. मी माफी कुठल्या भाषेत मागावी याचा विचार करत होतो, इतक्यात गाडीला टेकून उभा असलेला आमचा गाइड ताडकन सरळ झाला.

"मेल्या?" तो म्हणाला.

मला वाटलं, संपलं. पण त्याचा चेहरा उजळत गेला. त्याने स्वतःच्या छातीवर हात आपटला. "मेल्या! मैं! मैं मेल्या!"

मग हिंदीतून उलगडा झाला. त्याचे खापरपणजोबा उसाच्या मळ्यात राबायला कोकणातून आलेले. गाव कुठलं ते घरात कुणालाच ठाऊक नाही. घरात मराठी बोलणारी शेवटची म्हणजे आजी, आणि तिने याला सांभाळताना जेवढी मराठी वापरली तेवढीच याला येत होती. त्याने पाढे म्हणावेत तशी ती आम्हाला म्हणून दाखवली. "ऊठ मेल्या. तोंड धू. जेव आधी. गप बस. मुडद्या, कुठं उंडारत होतास?" एवढंच. शाळेत जाईपर्यंत आपलं नाव मेल्याच आहे, अशी त्याची समजूत होती.

आत्या म्हणाली, "बोलतोय बरा."

तिथून पुढे सहलीची भाषा बदलली. गाडीत बसायची वेळ झाली की तो फ्रेंच जोडप्यापुढे अदबीने वाकायचा, त्यांच्या भाषेत काहीतरी गोड बोलायचा आणि आमच्याकडे वळून तितक्याच अदबीने म्हणायचा, "गप बस." आम्ही बसायचो. दुपारी वाटेतल्या एका खानावळीपाशी गाडी थांबवून त्याने दार उघडलं, कमरेत वाकला आणि म्हणाला, "जेव आधी, मुडद्या." दुबईवाल्यांना हे फारसं रुचलं नाही. भाभींना मात्र तो दिवस संपूच नये असं वाटत होतं.

जेवणानंतर दुसरा पॉइंट. आत्या खिडकीतूनच म्हणाली, "हा मघाचाच हाय."

"काय मघाचाच?"

"समुद्र. फिरवून फिरवून त्याच जाग्यावर आनतोय."

तिसऱ्या पॉइंटला ती उतरलीच नाही. दुबईवाल्यांनी समजूत घालायची जबाबदारी घेतली. "आत्या, हा हिंदी महासागर आहे."

"आन् मघाचा?"

"तोही हिंदी महासागर."

"मंग मी येगळं काय सांगते?"

भाभी म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. एकदा बघितला ना समुद्र? मग?" आता फ्रेंच बाईंनाही काय चाललंय ते कळायला हवं होतं. दुबईवाल्यांनी हातवारे करून सांगितलं, "मॅडम, ओल्ड लेडी सेज, सेम सी." बाईंनी समुद्राकडे नीट बघितलं. नवऱ्याशी काही बोलल्या. दोघांनी पुन्हा बघितलं. मग म्हातारा गंभीरपणे मान हलवत आत्याला म्हणाला, "वुई, वुई."

आत्या मला म्हणाली, "बग. शिकलेल्या मानसालाबी पटलं."

गाइड बिचारा हिरमुसला. आजीच्या भाषेत बोलणारं कुणीतरी पहिल्यांदाच त्याच्या गाडीत बसलं होतं आणि तेच नाराज. उरलेले पॉइंट सोडून त्याने गाडी आत डोंगराकडे वळवली. चढ, वळणं, दाट झाडी, आणि वर एका कठड्यापाशी खोल हिरवी दरी. समुद्र अगदी लांब, पुसट रेघेसारखा.

आत्या उतरली. दरी बघितली आणि पहिल्यांदाच हसली. "अगो बाय! हे तं आमचं कुडपन हाय!" आणि भाभींचा हात धरून ती दाखवायला लागली की इथे घर असतं, तिथे पाण्याची वाट, आणि त्या खडकावरून एकदा सासऱ्यांची म्हैस गेली.

आम्ही सगळे त्या गेलेल्या म्हशीकडे बघत असताना माकड आलं. दुबईवाल्यांनी घामाने ओला झालेला पट्टा सोडून पाऊच जरा वेळ कठड्यावर ठेवलं होतं. माकडाने ते शांतपणे उचललं आणि कठड्यापलीकडच्या झाडाच्या फांदीवर जाऊन बसलं.

चार पासपोर्ट, आणि खाली दरी. फ्रेंच बाईंनी माकडाला बिस्कीट दाखवलं. माकडाने ते घेतलं, खाल्लं, पाऊच दिलं नाही. आत्याने कुडपणला नाचणीवर आलेली वानरं पळवताना घालतात तशी आरोळी ठोकली. लांब उभे असलेले पर्यटक पळाले. माकड ढिम्म. गाइडने आजीची सगळी मराठी एका दमात वापरली, "ऊठ मेल्या, तोंड धू, मुडद्या!" तरी माकड बसून राहिलं आणि चेन उघडायला लागलं.

"अल्ला," दुबईवाले म्हणाले.

माकडाने एक पासपोर्ट काढला, हुंगला आणि परत ठेवला. मग त्याला डबी सापडली. त्याने ती हलवली, दाताने झाकण उचकटलं आणि आत नाक घातलं.

त्यानंतर जी शिंक आली ती मी आजवर कुठल्याच प्राण्याची ऐकलेली नाही. एक शिंक, दुसरी, मग मोजायची सोय राहिली नाही. डबी एकीकडे गेली, पाऊच दुसरीकडे, आणि काळ्या तोंडाचं ते माकड आम्हाला शिव्या देत झाडीत गडप झालं.

पाऊच कठड्याच्या जरा खाली एका झुडपात अडकलं होतं. आता दुबईवाले पुढे झाले. "माझी जबाबदारी," म्हणाले आणि कठड्यावर पालथे पडले. आत्याने उन्हासाठी आणलेली छत्री उलटी धरून तिच्या वाकड्या मुठीने ते पट्टा अडकवायचा प्रयत्न करू लागले. त्यांचा एक पाय मी धरला, एक गाइडने. माझा शर्ट आत्याने धरला. आत्याला भाभींनी धरलं. भाभींना फ्रेंच बाईंनी, आणि बाईंना त्यांच्या नवऱ्याने एका हाताने, कारण दुसऱ्या हातात कॅमेरा होता. मागून आत्याचं चालूच होतं. "हळू रे शेठ! मेल्या, पाय नीट धर त्याचा! तू न्हाय रे, तो दुसरा मेल्या!"

तिसऱ्या झटक्याला पाऊच वर आलं. दुबईवाले उठले. शर्टाची दोन बटणं गेली होती आणि पोटभर माती लागली होती. त्यांनी चारही पासपोर्ट तपासले आणि ज्याचा त्याच्या हातात दिले. आत्याने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "पूड गेली ते बरं झालं. पोलिसांची भीती नाय आता."

परतताना गाइडने विचारलं, पाच मिनिटं घरी येता का? उसाच्या शेतांमधून गाडी एका पत्र्याच्या छपराच्या घरापाशी थांबली. त्याच्या बायकोने चहा केला. चहाला व्हॅनिलाचा वास होता. आत्याने माझ्या कानात विचारलं, "कप साबणानं धुतला, पन पान्यानं धुतलाय काय?" तरी तिने तो संपवला. भिंतीवर आजीचा फोटो होता. नऊवारी, मोठं कुंकू, आणि आत्ता ओरडणार असा चेहरा. आत्याने फोटोपुढे हात जोडले.

गाइडने आपल्या दोन मुलींना बाहेर बोलावलं आणि हिंदीत म्हणाला, "आत्याजी, इनको थोडा डांटिए ना. मेरी दादी की तरह."

आत्या आयुष्यात पहिल्यांदाच अडली. कुणी विनंती केल्यावर कसं ओरडायचं? मुली रांगेत उभ्या राहून वाट बघत होत्या. एकीने नाकात बोट घातलं आणि आत्याची वाट मोकळी झाली. "ए भवाने, काढ ते बोट! केस बग कसं झिपरं! तेल लाव गो! आन् ही दुसरी, दात काय काडतेस?" मुली खिदळायला लागल्या, गाइडची बायको दारात उभी राहून हसत होती, आणि गाइड मान खाली घालून डोळे पुसत होता. फ्रेंच म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, हा सहलीतलाच कार्यक्रम.

निघताना गाइडने एकच विचारलं. "मेल्या" म्हणजे काय? आजीला विचारायचं राहून गेलं.

भाभींनी एकदम पदर तोंडाला लावला. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. आत्याने क्षणभर विचार केला.

"म्हंजे आपला," ती म्हणाली. "घरातला."

मी ते हिंदीत सांगितलं. त्याने आत्याला वाकून नमस्कार केला.

परत आल्यावर मी तिला कुडपणला पोचवायला गेलो, तेव्हा अंगणात बायका जमल्याच होत्या. मोरीशेस कसं हाय, सगळ्यांना ऐकायचं होतं. आत्या पायऱ्यांवर बसली, नव्या डबीतून मिश्री घेतली आणि सांगायला लागली.

"मानसं चांगली हायत. पन तिकडं कामधंदा नाय लोकांना. सकाळपासनं गाडीत घालतात, कड्यावर नेऊन उबं करतात, परत गाडीत घालतात."

"आन् शेती?" एकीने विचारलं.

"ऊस. जिकडं बगावं तिकडं ऊस."

बायकांमध्ये कुजबुज झाली. डोंगरात एवढ्या उसाला पाणी कुठून आणतात, रानडुकरं राखतं कोण, आणि आत्या तिथवर गेलीच होती तर एखादं कांडं लावायला का आणलं नाही, यावर अंधार पडेपर्यंत तिला जाब द्यावा लागला.