रस्ता रुंद करायला गेलो तेव्हा

नगररचनेच्या ऑफिसात जुने नकाशे रद्दीत जातात, किस्से मात्र साठत राहतात. जेवणाच्या सुट्टीत एकाने एक काढला की दुसऱ्याला दोन आठवतात! मी नाशिकहून मद्रासला गेलो ते ऐंशीच्या दशकात. तेव्हा आमचा एकच जप होता: रस्ते रुंद करा, गाड्या पळवा.

*

एकदा चौकात वाहनं मोजत होतो. मोटारी, बस, लॉऱ्या, सायकली. चालणाऱ्यांचे तर लोंढे! मी साहेबांना विचारलं, "सर, यांना कशात धरू?"

"ते ट्रॅफिक नाही," साहेब म्हणाले. "ते ट्रॅफिकला अडथळा!"

आम्ही पोट धरून हसलो. संध्याकाळी बसस्टॉपपर्यंत अडथळा होऊनच गेलो.

*

पादचाऱ्यांच्या सोयींवर मीटिंग होती, ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर. सगळे जीपने गेले. मी आणि ड्राफ्ट्समन सेतुमाधवराव चालत पोचलो, तर वॉचमनने अडवलं.

"अहो, आम्ही मीटिंगलाच आलोय!"

"मग गाडी कुठाय?"

*

सेतुमाधवराव तंजावरकडचे मराठी. मद्रासच्या तिरुवल्लिकेणी भागातल्या त्यांच्याच गल्लीचं रुंदीकरण निघालं. नकाशा त्यांनाच काढावा लागला आणि लाल रेघ गेली त्यांच्याच घराच्या ओट्यावरून. त्या ओट्यावर त्यांचे वडील, अप्पा, दिवसभर बसत. बाजारातून येणाऱ्या बायका तिथे पिशव्या टेकवत, शाळेची पोरं सावलीला थांबत. हे सगळं उठणार आणि तिथून गाड्या जाणार, याचं मला फार वाईट वाटायचं.

आम्ही चुन्याने खुणा केल्या. सकाळी गायब! पुन्हा केल्या, पुन्हा गायब. साहेब तापले, "पुसतंय कोण?"

"माझी बायको, सर," सेतुमाधवराव म्हणाले. "पहाटे सडा घालून कोलमची रांगोळी काढते. दारापुढचं झाडू नको, असं कसं सांगू?"

*

मग साहेब स्वतःच निघाले, लाल ऑइलपेंटचा डबा घेऊन. गाडी गल्लीत शिरेना, म्हणून उन्हातून चालत आले, घामाने निथळत. अप्पांनी सरकून ओट्यावर जागा दिली. साहेब बसले ते नेमके रेघ जायची तिथेच! आतून कॉफी आली.

सेतुमाधवराव ब्रश बुडवून उभे. "सर, जरा उठता का? खूण करायचीय."

अप्पा मुलावर उखडले. "रे सेतू, काप्पी पितां माणसास उठवतोस? पाव्हणे आहेत!"

साहेब तमिळ, त्यांना मराठी येत नव्हतं. पण अप्पा कशावरून रागावले ते कळलं असावं. समोरून एक म्हातारी नातीचा हात धरून गल्लीच्या मधोमध सावकाश चालली होती. तिच्याकडे बघत ते कॉफी प्यायले. ब्रशचा रंग सेतुमाधवरावांच्या चपलेवर ठिबकत होता.

पेला रिकामा झाला. साहेबांनी तो अप्पांपुढे धरला.

"अजून एक मिळेल?"